पहिली जागा घेताना (भाग 4) : 'इतर हक्क' आधी वाचा

मागच्या भागात कर्ज, मुद्रांक शुल्क आणि हाताशी ठेवायची शिल्लक यांचा हिशेब मांडला. आता प्रत्यक्ष जागेकडे वळू. फ्लॅट परवडत नाही म्हणून आपल्याकडे अनेक जण सुरुवात शहराबाहेरच्या प्लॉटपासून करतात. रविवारी एजंटच्या गाडीतून जागा पाहायची, समोरचा डोंगर आवडतो, चहा होतो आणि तिथल्या तिथे टोकन दिलं जातं. सातबारा मागितला जातो तो त्यानंतर.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. बारामध्ये पिकांची नोंद, सातमध्ये जमीन कोणाची, किती आणि कोणत्या प्रकारची. लोक नाव व क्षेत्र पाहून कागद घडी करून ठेवतात. मी तर म्हणेन, आधी 'इतर हक्क' वाचा. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा, हे सगळं तिथे सापडतं. आणि सापडतात बहिणी. वडील गेले की मुलांची नावं मालकी सदरी आणि मुलींची इतर हक्कांत, ही कित्येक गावांतली जुनी रीत. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार झाली. त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा 'बहिणींचं काही म्हणणं नाही' या भावाच्या शब्दावर पैसे देऊ नका. खरेदीखतावर त्यांच्या सह्या हव्यात, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र.

मग भोगवटादाराचा वर्ग पाहा. वर्ग 2 असेल, तर ती जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. वर्ग 1 असली तरी शेतजमीनच असेल, तर कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं: शेतकरी नसलेल्याला ती परवानगीविना घेता येत नाही. 'एनए (बिगरशेती) होणारच आहे' असं एजंट सांगतो. याचा अर्थ आज झालेली नाही.

सगळ्यात जास्त फसगत गुंठ्यांत होते. तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याचा व्यवहार करता येत नाही. 2023 मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10 गुंठे ठरलं. शहरी भागांसाठी अलीकडे सवलती आल्या आहेत, पण आपला गट त्यात बसतो का, हे तहसील कार्यालयातच विचारावं. पळवाट म्हणून दहा-अकरा अनोळखी माणसं मिळून एकच खरेदीखत करतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक येतात. आपला एक गुंठा कोणता, हे फक्त एजंटच्या हाताने काढलेल्या नकाशात असतं! बँक त्यावर कर्ज द्यायला तयार होत नाही, बांधकामाची परवानगी अडते आणि विकायला निघालं की बाकीच्यांची मनधरणी करावी लागते. स्वस्त मिळतं म्हणून असा गुंठा घेणं मला गुंतवणूक वाटतच नाही.

सातबारा नीट असला तरी तो मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तो महसुलाचा अभिलेख आहे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत त्यातली नोंद खरी मानतात, एवढंच. म्हणून सातबाऱ्यावर दिलेले फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि प्रत्येक फेरफार काढून पाहा. वाटप, वारस, जुनी खरेदी यांची साखळी त्यातच कळते. वकिलाकडून निदान 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, आणि सरकारी मोजणीचा आग्रह धरा. विक्रेता मोजणीला नाही म्हणाला, तर व्यवहार सोडा.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. एजंटकडून गट नंबर घ्या आणि जागा पाहायला जायच्या आदल्या रात्री तो स्वतः काढा. पुढच्या भागात महारेराची नोंदणी कशी तपासायची ते पाहू.