रात्रपाळीची लाईट

सकाळी ६.२०

पहिला फोन अंथरुणातच येतो. ऊसतोडीचा हंगाम सुरू झालाय. दत्त कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरवर गाणं इतकं मोठ्यानं लावलंय की फोनवरच्या बाईंचं बोलणं नीट ऐकू येत नाही.

"मॅडम, पोरगं अकराला झोपलं आन् तीनला उठलंय. गोठा झाडला, गाडी धुतली, आता कसला धंदा काढायचा म्हणून याद्या करत बसलंय."

"दमल्यासारखा वाटतो का?"

"न्हाई की! लई ताजंतवानं हाय."

मी उशाशेजारची वही ओढते. परवा सात तास, काल साडेपाच, आज चार. काळजीनं ज्याला झोप येत नाही तो सकाळी पेंगुळलेला असतो. ज्याची झोप उडाली आणि तरी अंगात दहा जणांचं बळ आलं, त्याच्याबाबत मात्र थांबून चालत नाही. "आज दवाखान्यात घेऊन या, आणि गाडीची किल्ली तुमच्याकडं ठेवा," असं सांगून चहा टाकते.

ही वही म्हणजे दोनशे पानी साधी वही. एका पोराला चार पानं. तारीख, झोप, गोळी, चिडचिड. (पोरांची ओळख पटणार नाही इतपत तपशील मी इथं बदललेत.) रकाने आयाच भरतात. एकीनं तर झोपेच्या रकान्यात तासांऐवजी कोंबडा आरवायच्या आधी की नंतर, असं लिहिलं होतं. तेही चालतं.

सकाळी ९.४०

दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येतात, म्हणून आज बाकडी भरलेली. शिरोळ, अर्जुनवाड, घालवाड, कुरुंदवाड. निम्म्यांनी आधी नरसोबाच्या वाडीला दत्ताची सेवा करून बघितलेली असते. मी त्यावर वाद घालत नाही. पहाटे उठून आंघोळ, वेळेवर जेवण, रात्री लवकर पडणं, या शिस्तीनं पोराचं नुकसान काही होत नाही. गोळी बंद केली तर होतं, एवढंच सांगते.

आज एक वडील भलंमोठं पाकीट काखेत मारून आलेत. आत मेंदूचा एमआरआय. पोरगा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाला. त्यांनी फिल्म खिडकीवर धरली, तर मागं रस्त्यावरून चाललेली उसाची ट्रॉली मेंदूच्या आरपार दिसायला लागली.

"ह्यात कुठं हाय बघा की मॅडम. रिपोर्टात नॉर्मल लिवलंय. म्हंजे कायच न्हाई न्हवं?"

राग आला, त्यांचा नव्हे. दुसरं काही नाही ना, गाठ नाही ना, हे पाहायला कधी डॉक्टर स्कॅन सांगतात आणि ते बरोबरच असतं. पण बायपोलर आजार एका पोराच्या एका फोटोत सापडत नाही, हे पैसे भरायच्या आधी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी ११.१५

मग मी त्यांना त्यांच्याच रानात नेते, तोंडानं.

"मामा, ऊस कुठला केलाय?"

"आडसाली."

"सुरू उसाला बारा महिने, आडसालीला सोळा-अठरा. मेंदूचंबी तसंच हाय. मागचा भाग, बघायचा, हातपाय हलवायचा, लवकर तयार होतो. पुढचा, म्हणजे थांबायचं कधी, विचार करायचा किती, रागाला आवर घालायचा कसा, हे बघणारा भाग आडसाली. पंचविशीच्या आसपास तयार होतो. आणि फुटवे किती येतात उसाला?"

"ढीग येत्यात. समदं कुठं टिकत्यात? निम्मं मरत्यात, मग राहिल्यालं जोर धरत्यात."

"तेच. पोरगं वयात येताना मेंदूबी नको असलेले फुटवे मारतो आणि राहिलेले जोडतो. त्या धांदलीतच हा आजार येतो. उभ्या पिकात."

ते गप्प झाले. उभ्या पिकात पूर शिरला की काय होतं हे शिरोळच्या माणसाला शिकवावं लागत नाही. 2005, 2019, 2021 त्यांनी पाहिलेत.

ही वाढ मागून पुढं सरकते हे ज्यांनी सलग चित्रांत दाखवलं, त्यात एक आडनाव आपलं आहे: नितीन गोगटे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तेरा निरोगी मुलांचे मेंदू दर दोन वर्षांनी, आठ-दहा वर्षं टिपले. 2004 साली ते प्रसिद्ध झालं. पुढं 2007 मध्ये त्यांनीच नऊ मुलांचे मेंदू बायपोलर सुरू व्हायच्या आधीपासून ते नंतरपर्यंत मांडले. या मुलांत भावनांशी निगडित काही पट्टे वेगळ्या चालीनं वाढत होते, कुठं भर पडत होती, कुठं झीज. नऊच मुलं, म्हणून फार ताणू नये. पण मला त्यातली रीत आवडते. एक फोटो काही सांगत नाही. तेच पोर पुन्हा, दोन वर्षांनी पुन्हा, तेव्हा वाढ दिसते. गोगट्यांकडे स्कॅनर होता, माझ्याकडे दोनशे पानी वही.

सकाळचं पोरगं आलं. डॉक्टरांनी औषध वाढवलं, चार दिवसांनी परत बोलावलं.

दुपारी १२.४५

रक्ताचे नमुने. बायपोलरवर लिथियमची गोळी घेणाऱ्यांना सांगून ठेवलेलं असतं की रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. तरी एक जण घेऊनच येतो. परत उद्या.

"लिथियम हा एक क्षार आहे" असं मी पूर्वी सरळ सांगून टाकायचे. एक म्हातारे दचकले होते. क्षारानं रान गेलं आणि आता नातवाला क्षारच चारताय? या तालुक्यात क्षारपड हा शब्द शिवीसारखा आहे. तेव्हापासून मी निचऱ्याच्या पाइपलाइनीवरून सांगते. जमिनीखालचा सच्छिद्र पाइप जादा क्षार बाहेर काढतो, तशी मूत्रपिंडं. पाइप चालू तर सगळं बेतात. उन्हात ऊस भरताना पाणी कमी पडलं, जुलाब लागले, मीठ एकदम तोडलं की निचरा मंदावतो आणि लिथियम रक्तात चढतं. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या झाल्या, चालताना झोक गेला तर गोळी थांबवून तडक दवाखाना. एरवी रक्तातलं लिथियम साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटरच्या बेतात ठेवायचं असतं.

गोळी जुनी आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी 1949 मध्ये तिचा गुण लिहिला. 2018 मध्ये जगभरच्या गटांनी मिळून 2,447 बायपोलर रुग्णांचे आणि 4,056 निरोगी माणसांचे मेंदू ताडून पाहिले. रुग्णांत मेंदूचं साल सरासरीनं पातळ होतं, लिथियम घेणाऱ्यांत ते कमी पातळ. गोळीनंच साल जाड राहिलं असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, पण पालकांना मी हे सांगते. गोळी "मेंदू सुकवते" हे त्यांनी गावात दहा जणांकडून ऐकलेलं असतं, त्याला काहीतरी उत्तर लागतं.

दुपारी २.३०

कुरुंदवाड. सतरा वर्षांची मुलगी. या वयात आजार पुष्कळदा उदासीनं सुरू होतो. हिलाही कुठंतरी नुसती उदासीवरची गोळी मिळाली आणि महिन्याभरात ती रात्रभर गाणी म्हणायला लागली. आता औषध बदललंय. व्हॅल्प्रोएट मात्र दिलेलं नाही. पुढं दिवस गेले तर त्यानं बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून मुलींना ते शक्यतो टाळतात. आजी विचारते, "लग्न झाल्यावर बरी हुईल न्हवं?" नाही म्हणून सांगते. चहा पिऊन निघते.

दुपारी ४.१०

येताना एका मेडिकलसमोर गाडी लावते. हा माझा दर महिन्याचा फेरा. दुकानदाराला लिथियमवाल्या चौघांची नावं सांगून ठेवलीत. कंबर धरली म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मागितलं तर यांना द्यायचं नाही, कारण त्यानंही लिथियम चढतं. तो हसतो, "मॅडम, परवाच एकाला परत धाडला." ऊसतोडीच्या दिवसांत दुखण्याची गोळी इथं शेंगदाण्यासारखी खपते.

संध्याकाळी ५.४५

पाकीटवाल्या मामांच्या रानात. बापलेकांत बोलणं बंद आहे.

"हे सारखं माझ्यावर चिडून असत्यात," पोरगा म्हणतो.

मी मामांच्या तोंडाकडं बघते. उन्हानं रापलेलं, सुरकुत्यांचं, त्यावर राग नाही की लोभ नाही. 2006 मधला एक अभ्यास आठवतो. बायपोलर असलेल्या मुलांना कोऱ्या चेहऱ्यातही वैर दिसत होतं आणि त्या वेळी त्यांचा अमिग्डाला, मेंदूतली ती बदामाएवढी धोक्याची घंटा, इतर मुलांपेक्षा जोरात वाजत होती. हे सगळं बांधावर कसं सांगायचं? मी म्हणते, "मामा, तुम्ही चिडलाय का?"

"म्या? कशाला चिडू?"

"मग तसं त्याला सांगा. तोंडानं. तुमच्या चेहऱ्यावरनं त्याला कळत नाही."

मामा बराच वेळ खुरप्याची माती काढत राहिले. मग पोराकडं न बघता म्हणाले, "चिडलो न्हाई रं."

खरा प्रश्न वेगळाच निघाला. शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की दारं धरायला पोरगाच जातो, जवान आहे म्हणून. वही उलटून बघितली. आजार दोनदा उसळला होता, दोन्ही वेळा रात्रपाळीच्या आठवड्यातच.

"एवढं एक वर्ष त्याला रात्री पाठवू नका."

"मग पाणी कोन पाजणार?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. रात्रीबेरात्री घाबरायला झालं तर लावायला 14416 हा टेली-मानसचा नंबर पाकिटावरच लिहून दिला आणि निघाले.

रात्री ९.५०

वही पुरी करत होते, तेवढ्यात मामांचा फोन. मागं मोटारीचा आवाज आणि कुत्र्याचं भुंकणं.

"मॅडम, लाईट आलीया. मीच आलोय दारं धरायला. पोरगं झोपलंय. साडेनऊ ल्ह्या."