संत्र्याची वाटी आणि तिचा हिशेब

रमजानमध्ये असरनंतर मुरुडच्या बाजारात चक्कर टाकली की इफ्तारीच्या मांडण्यांवर दोन तऱ्हेचा माल दिसतो. एक तळलेला, दुसरा कापलेल्या फळांचा. तळलेला माल हातोहात जातो. फळांचे डबे मात्र मगरीब जवळ आली तरी उरतात आणि मग मिळेल त्या भावात काढावे लागतात. लोकांना फळ नको असते असे नाही. दिवसभराच्या रोजानंतर खजुराच्या पाठोपाठ माणसाचा हात फळाकडेच जातो. पण त्या डब्यात असते काय? पपई, कलिंगड, पाणी सुटलेली काकडी आणि वर चाट मसाला. एवढे तर कोणीही घरी पाच मिनिटांत कापून घेईल. त्यासाठी पैसे कोण देणार?

आपल्या घरांत पूर्वीपासून होत आलेले संत्र्याचे सॅलड ही वेगळी चीज आहे. त्याला वेळ लागतो, हात लागतो, आणि म्हणूनच त्याला गिऱ्हाईक आहे. मी कापडाचा व्यापारी, स्वयंपाकी नव्हे. पण कोणता माल मेहनतीवर विकला जातो आणि कोणता नुसत्या भावावर, एवढे गल्ल्यावर बसून कळते. घरून इफ्तारीचा माल करून विकणाऱ्या आपल्या भगिनींनी आणि लहान दुकानदारांनी या पदार्थाचा व्यापार म्हणून विचार करावा, असे मला वाटते.

त्याला एक कारण तारखांचे आहे. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०१८ साली तो मे-जूनमध्ये होता. तेव्हा दस्तरखानावर आंबा होता आणि संत्रे शोधूनही नीट मिळत नसे. २०२६ चा रमजान फेब्रुवारी-मार्चमधला, २०२८ चा जानेवारीच्या अखेरीस सुरू होणारा, आणि २०३० साली तर हा महिना जानेवारीत एकदा व डिसेंबरअखेर पुन्हा एकदा लागेल. नागपुरी संत्र्याचे दोन बहार असतात. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे पुढची काही वर्षे रमजान आणि संत्रे एकमेकांच्या आसपास राहणार आहेत. असा योग तीस-बत्तीस वर्षांनी एकदा येतो.

दुसरे कारण आपल्या गावाचे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि मुरुड-श्रीवर्धनच्या वाड्यांमधली नारळ-सुपारीची झाडे पडली. सुपारीचे रोप लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. ज्या घरांची चूल वाडीवर चालत होती, त्या घरांतल्या बायकांनी शिवण, मसाले, पापड असे काहीबाही सुरू केले. अशा घराला मोठी मशिनरी नको, मोठे भांडवल नको, पण वर्षाकाठी एक-दोन महिने हातात रोकड देणारे काम हवे असते.

माल ओळखून घ्या

आपल्याकडे फळ येते ते बहुतांशी वाशीहून. मुंबईचा घाऊक फळबाजार १९९६ साली क्रॉफर्ड मार्केटमधून वाशीला गेला. तिथून पेण, अलिबाग, रेवदंडा करत माल मुरुडला पोहोचतो तेव्हा त्याचा एखादा दिवस प्रवासात गेलेला असतो. म्हणून पेटीचे वरचे फळ बघून सौदा करू नये. तळाचे दोन-तीन काढून हातात घ्यावेत. आकाराच्या मानाने जड लागेल ते रसाचे. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, पण सालीच्या आत पोकळी होऊन फळ हलके लागत असेल तर ते झाडावर फार राहिलेले किंवा शिळे आहे. हिरवट साल पाहून नाक मुरडू नका. पुष्कळदा आत गोडच निघते.

त्याच दिवसांत पंजाब-राजस्थानकडचा किन्नू येतो. साल चकचकीत, घट्ट, रंग झगझगीत. किन्नू हा मूळ कॅलिफोर्नियात तयार झालेला संकर. रसाला उत्तम, पण बिया फार आणि पडदा जाड, त्यामुळे सॅलडला वेळ दुप्पट लागतो. परदेशातून येणारा माल्टा सोलून फोडी सुटत नाहीत, तो सुरीनेच कापावा लागतो. भाव थोडा चढा असला तरी या कामाला नागपुरीच घ्यावे. बांगलादेशाने २०१९ पासून आपल्या संत्र्यावरचे आयातशुल्क वर्षानुवर्षे वाढवत नेले, त्याचा फटका विदर्भातल्या बागाईतदारांना बसला. बाहेर न गेलेला माल देशातच खपवावा लागतो. लहान फळ स्वस्त मिळते, मात्र लहान फळात साल-बियांचा भाग जास्त जातो हे लक्षात असू द्या.

(संतरा हे नाव पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आले असे काही लोक सांगतात. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानच्या फळांत संगतऱ्याचे नाव घेतलेले आहे, तेव्हा सिंत्राची गोष्ट मला पटत नाही.)

कडू का होते?

बाजारी फ्रूट सॅलडमधले संत्रे तासा-दोन तासांत कडवट का लागते, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. संत्र्याच्या बियांत आणि फोडीवरच्या पडद्यात असे द्रव्य असते की ते फोड तुटून रसात मिसळले की हळूहळू कडू होते. कापल्या कापल्या चव चांगली असते, म्हणून करणाऱ्याला पत्ता लागत नाही. कडू लागते ते गिऱ्हाइकाला. आपल्या आई-आज्या पडदा काढायच्या तो काही थाट म्हणून नव्हे.

पद्धत अशी. संत्री धुऊन, पुसून, सोलून घ्यावीत. वरचे पांढरे दोरे सगळे ओढून काढावेत. मग प्रत्येक फोडीची आतली कड, जिथे बिया बसलेल्या असतात, लहान कात्रीने बारीक उतरवावी. (घरातली कापडाची कात्री याला लावू नका, संत्र्याचा रस पात्याची धार खातो.) कड उघडली की पडदा दोन्ही अंगांनी उलटतो आणि बिया आपोआप सुटतात. उरतो तो नुसता गर, अख्खा, न फाटता. सवय झाली की एका संत्र्याला दोन-तीन मिनिटे लागतात. ही दोन-तीन मिनिटेच तुमचा खरा माल आहे.

गर काचेच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवावा. ॲल्युमिनियम नको, आणि कलई उडालेले तांब्या-पितळेचे भांडे तर मुळीच नको. आंबट रसात धातू उतरतो. गराच्या एका थरावर थोडी साखर, वर पुन्हा गर, पुन्हा साखर. अर्धा किलो गराला पन्नास ग्रॅम साखर पुरते, फळ आंबट असेल तर थोडी जास्त. चिमूटभर मीठ. झाकून तासभर फ्रीजमध्ये. त्याला स्वतःचाच रस सुटतो. पाण्याचा थेंब घालायचा नाही, बाजारी डबा तिथेच मार खातो.

बाकीची फळे या रसाच्या आधाराने येतात. सफरचंदाच्या पातळ फोडी कापताक्षणी संत्र्याच्या रसात थोडे लिंबू पिळून त्यात टाकल्या की काळ्या पडत नाहीत. द्राक्षे मधोमध चिरावीत, अख्खी ठेवली तर चमच्याखालून पळतात आणि रस धरत नाहीत. केळे अगदी शेवटी, डबे भरायच्या वेळी. डाळिंबाचे दाणे वरच शोभतात, आत मिसळले की सगळे गुलाबी होते. चाट मसाला किंवा काळे मीठ हवे असेल त्याला वेगळी पुडी द्यावी. आधी घातले की फळ पाणी सोडते.

आणि नारळ. ओल्या नारळाचा पांढराशुभ्र चव, खालची तपकिरी साल न येऊ देता विळीवर खवलेला, थरांमध्ये आणि वर. संत्रे, नारळ आणि साखर यांचा मेळ अमेरिकेच्या दक्षिण भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘अंब्रोसिया’ या नावाने सणाच्या जेवणात होत आला आहे. तिथे नारळ दुरून आणावा लागे. आपल्या अंगणात तो पडतो आणि आपण त्याला कालवणापलीकडे फारसे जाऊ देत नाही! ओला चव उन्हाळी हवेत चार-पाच तासांत आंबूस होतो, म्हणून तो डबा बंद करण्याआधीच भुरभुरावा. नारळाऐवजी दालचिनीची पूडही चालते. मोरोक्कोत संत्र्याच्या चकत्यांवर दालचिनी टाकून जेवणानंतर देतात. मी करवून पाहिले, छान लागते.

काहींना दुधातले, कस्टर्डचे सॅलड हवे असते. कस्टर्ड पावडर १८३७ साली बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड यांनी काढली, कारण त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नव्हते. कस्टर्ड पूर्ण गार झाल्यावरच फळे घालावीत. संत्रे त्यात मिसळूच नये, गरम दूध तर त्याने फाटतेच. खायच्या वेळी वर ठेवावे. कच्चे अननस दुधात घातले की ते कडू पडते, त्याला आधी साखरेत एक उकळी द्यावी.

डब्याला पडते किती

इथे पुष्कळांचा हिशेब चुकतो. कापडात आम्ही नुसता मीटरचा भाव बघत नाही, पन्हा बघतो. पन्हा कमी असला तर मीटर स्वस्त असूनही शर्ट महाग पडतो. फळाचेही तसेच. संत्रे साल, दोरे, पडदा, बिया जाऊन साधारण निम्मे हाती लागते. ८० रुपये किलोने घेतलेले संत्रे गराच्या हिशेबाने १६० रुपये किलो झाले. डाळिंबही जवळजवळ निम्मे जाते, केळे एक तृतीयांश, सफरचंद थोडे, द्राक्षे जवळपास काही नाही.

दीडशे ग्रॅमचे दहा डबे धरू. भाव गावोगावी वेगळे, हे नमुन्यादाखल:

संत्री १ किलो २०० ग्रॅम, ९६ रुपये. केळी चार, २० रुपये. सफरचंद ३०० ग्रॅम, ४५. द्राक्षे २०० ग्रॅम, २०. डाळिंब २०० ग्रॅम, ३०. अर्धा नारळ २०. साखर-लिंबू १०. एकूण २४१. झाकणाचे डबे चार रुपयांप्रमाणे ४०. झाले २८१ रुपये, म्हणजे डब्याला २८.

४० रुपयांना विकला तर दहा डब्यांवर ११९ सुटतात. दोन डबे उरले तर ३९. तिसरा उरला की २८० हाती आणि २८१ खर्च. मेहनत तर गेलीच, वर पदरचा रुपया गेला. कापलेले फळ दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, कटपीससारखे बाजूला टाकून ईदच्या आधी सेलमध्ये काढता येत नाही. म्हणून हा मांडणीवर ठेवण्याचा धंदा नाही, तो सांगून करण्याचा आहे. मोहल्ल्यातल्या घरांकडून आदल्या रात्री तरावीहनंतर किंवा सकाळी नक्की आकडा घ्यावा, तेवढीच फळे आणावीत, दोन डबे जास्तीचे धरावेत, तेही घरी खपतील म्हणून. असा ठरलेला माल ५० रुपयांना देण्यात संकोच नको. तेव्हा दहा डब्यांवर २१९ उरतात, आणि दीड-दोन तासांच्या बैठ्या कामाला ते वाईट नाहीत. पंचवीस डब्यांच्या पुढे मात्र एकटीच्या हाताने पडदा काढणे जमत नाही. दुसरा हात घेतला की त्याची मजुरी डब्यात धरावी. घरचीच मुलगी आहे म्हणून सोडून देऊ नये.

आता बर्फाविषयी. मुरुड मासळीचे गाव, बर्फाला कमी नाही. पण मासळीसाठी येणारा बर्फ खाण्याचा नसतो. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली अशा बर्फात निळा रंग घालण्याचा हुकूम काढला तो याचसाठी. डबे बाहेरून गार ठेवायलाही तो जवळ आणू नये, वितळलेले पाणी झाकणातून आत जाते. कापलेले फळ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. सूर्यास्त साडेसहा-पावणेसातच्या सुमारास असेल तर पाचच्या आधी डबे फ्रीजबाहेर काढायचेच नाहीत. आणि २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. घरगुती आहे म्हणून कोणी विचारणार नाही, या भरवशावर राहू नये.

रमजान संपल्यावर काय, असे विचारतील. नोव्हेंबरपासून जंजिरा बघायला येणारी माणसे वाढतात. राजपुरीहून होडीने किल्ला करून परत येईपर्यंत दुपार होते, ऊन असते, आणि लहान मुले बरोबर असतात. शनिवार-रविवारी घरगुती निवास चालवणाऱ्यांनी नाश्त्याला किंवा दुपारच्या जेवणानंतर ही वाटी ठेवली तर पाहुणा नाही म्हणणार नाही. ज्यांच्याकडे खोल्या आहेत त्यांना बहुधा फोडी सोलायला वेळ नसतो, आणि ज्यांना वेळ आहे त्यांच्याकडे खोल्या नाहीत. शुक्रवारी रात्री आकडा कळवायचा, शनिवारी अकराला माल पोहोचवायचा, डबे परत घ्यायचे असतील तर स्टीलचे वापरायचे, म्हणजे डब्यामागे ते चार रुपयेही वाचतील. संत्री बुधवार-गुरुवारी आलेल्या पेटीतली घ्यावीत. शनिवारी सकाळी गर्दीत मिळतात ती निवडून उरलेली असतात.