दूरदृष्टी एकट्याची नसते

उद्योगातल्या नेतृत्वाचा विषय निघाला की अहिल्यानगर जिल्ह्यात एक वाक्य हमखास कानावर येते: ‘विठ्ठलराव विखे पाटलांसारखा द्रष्टा होता म्हणून प्रवरेचा कारखाना उभा राहिला, आता तशी माणसे कुठे?’ यातला आदर रास्त आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आणि घातक आहे. दूरचा विचार ही जन्मजात देणगी ठरवली की प्रत्येक संचालक मंडळाला आयती सबब मिळते. तारखा नीट पाहा. विखे पाटलांच्या लोणी गावात सहकारी पतपेढी निघाली १९२३ मध्ये. बेलापूर रोडची बागायतदार परिषद १९४५ची, सहकारी साखर कारखान्याची नोंदणी १९४८ची, आणि पहिली मोळी पडली १९५०च्या गळीत हंगामात. मधली सत्तावीस वर्षे कर्ज वेळेवर फेडण्यात, हिशेब चारचौघांत मांडण्यात आणि शेअरसाठी गावोगाव फिरण्यात गेली. शिवाय विखे पाटलांनी अध्यक्षपद स्वतःकडे न ठेवता पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना दिले आणि स्वतः उपाध्यक्ष झाले. आपल्याला काय येत नाही हे ओळखून त्याची सोय लावणे, याला मी नेतृत्व म्हणतो. सगळे एकाच्या डोक्यात असते तर ही नेमणूक झालीच नसती.

यावर आक्षेप येतो की शेतकऱ्याला आजचा पैसा हवा असतो, त्याला वीस वर्षांपुढचे काय सांगणार? पैसा वेळेवर मागणे हा त्याचा हक्कच आहे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. पण आडसाली उसासाठी सोळा-अठरा महिने थांबणाऱ्याला उद्याचे दिसत नाही, हे म्हणणे अन्यायाचे आहे. ऊसबिलाची पावती काढून वाचा: वजन, दर, आणि खाली टनामागे कापलेली ठेव. सहकारी कारखान्यांच्या विस्तारात अशा कपातीचा मोठा वाटा आहे. उद्याचा विचार सभासदाने पावतीवर रोकडा मोजला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग राज्यातले इतके सहकारी कारखाने आजारी का पडले, विकले का गेले? कारणे अनेक आहेत. दुष्काळ आणि साखरेचे दर त्यांत आहेतच. पण जिथे कारखाना एका माणसाच्या मर्जीवर चालला आणि सभेत प्रश्न विचारणे थांबले, तिथे चुकीचे कर्ज वेळीच अडवणारे कुणी उरले नाही. म्हणजे हा आक्षेप द्रष्ट्याच्या दंतकथेविरुद्धच जातो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. दूरचा विचार म्हणजे नफा सोडणे नव्हे. तोट्यातला कारखाना शाळा-दवाखाने चालवू शकत नाही. पंचवार्षिक आराखडा छापला म्हणजे दूरचा विचार झाला, असेही नाही. आणि ‘सहकार म्हणजे सरकारी पैसा’ हे अर्धसत्य आहे: सरकारने मदत केली, पण शेतकऱ्यांनी आपले भाग आधी घातले.

सभासदांनी येत्या वार्षिक सभेला अहवाल वाचून जावे आणि एवढे तरी विचारावे: आमच्या कपातीच्या ठेवीचे काय झाले, आणि यंदाचे कर्ज कोणत्या वर्षी फिटणार?