चुन्याचा जमाखर्च

आपल्यापैकी अनेकांचे जुने वाडे चुन्यात बांधलेले आहेत. कळीचा चुना हौदातल्या पाण्यात टाकला की खाली जाळ नसतानाही पाणी खदखदू लागते, हे थोरांनी पाहिलेले असेल. ही उष्णता येते कुठून?

तिचे मूळ भट्टीत आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. अणूंमधले बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. नवे बंध जुळले की ऊर्जा सुटते. येथे खर्च मिळकतीहून जास्त, म्हणून १०० ग्रॅम चुनखडी सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता शोषते. जाळ थांबला की क्रियाही थांबते. ही उष्माग्राही क्रिया.

त्यातून मिळालेल्या ५६ ग्रॅम चुन्यावर पाणी घातले की उलट घडते. सुमारे ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. ही उष्मादायी क्रिया. किलोभर कळी विरवताना सुटणारी उष्णता तीन लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. मग उरलेले ११३? विरवलेला चुना भिंतीत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो. तेव्हा ती उष्णता परत मिळते, पण इतकी सावकाश की हाताला कळत नाही. ६५ आणि ११३ मिळून १७८, खतावणी जुळली. वाट कोणतीही असो, एकूण हिशेब तोच, हा नियम जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये रशियात मांडला.

हे सारे सांगण्याचे कारण वेगळे आहे. काही वर्षांपूर्वी रंगकामाच्या वेळी कळीचा कण डोळ्यात गेलेला एक मुलगा माझ्याकडे आणला होता. घरच्यांनी 'चुन्यावर उतारा' म्हणून लिंबू पिळले होते. आम्ल आणि अल्क यांचा संयोगही उष्मादायीच! मी तासभर डोळा धुतला आणि त्याला नेत्ररुग्णालयात पाठवले. दृष्टी वाचली, डाग राहिला.

म्हणून लक्षात ठेवा. कोरडे कण आधी अलगद टिपून काढा, मग वाहत्या पाण्याने किमान अर्धा तास डोळा धुवा आणि लगेच रुग्णालय गाठा. माझ्या गोळ्यांसाठी थांबू नका. थेंबभर पाणी चुन्याला चेतवते; भरपूर पाणी उष्णता आणि चुना दोन्ही वाहून नेते.