रोमन हुजुरातीचे सरदार

रोमच्या बादशहांना परचक्रापेक्षा आपल्याच उंबरठ्यावरील पहाऱ्याचे भय अधिक असे. ज्या प्रेटोरियन पलटणींनी इ. स. 193 मध्ये साम्राज्याचे सिंहासन चक्क लिलावात काढले, त्यांनीच 312 साली मिल्व्हियन पुलाच्या लढाईत प्रतिस्पर्धी मॅक्सेंटियसची बाजू लढविली, तेव्हा विजयी कॉन्स्टंटाइनने त्यांना कायमचे बरखास्त केले यात नवल ते काय?

पुढे ‘स्कोले’ नामक स्वारांची पथके राजरक्षणास तैनात झाली. प्रत्येक पथकावर ट्रिब्यून हा स्वतंत्र सरदार असे. सर्वांवर मिळून एक सेनापती मात्र नव्हता, आणि त्यांचा दफ्तरी कारभार दरबारच्या एका मुलकी अधिकाऱ्याकडे होता. शिपाई पुष्कळसे फ्रँक, अलामान्नी अशा जर्मन टोळ्यांतले. त्यांतून निवडलेले शुभ्रवस्त्रधारी 40 ‘कँडिडाटी’ बादशहाच्या सन्निध असत. व्यवस्था मोठी चतुर खरी. तरीही 363 मध्ये इराणच्या स्वारीत बादशहा ज्युलियन पडल्यावर खाशा रक्षकांपैकी जोव्हियन, आणि पुढच्याच वर्षी स्कुटारी पथकाचा ट्रिब्यून व्हॅलेंटिनियन, असे दोघे लागोपाठ तख्तावर बसले, आणि तेही बंड करून नव्हे, तर सरदारांच्या मसलतीने!

या सरदारांची दोन रूपे 9 ऑगस्ट 378 रोजी एड्रियानोपलच्या रणांगणावर एकाच प्रहरी दिसली. गॉथांशी तहाची बोलणी चालू होती. ओलीस म्हणून शत्रूच्या गोटात जाण्याचे जोखमीचे काम खाशा रक्षकांचा अधिपती रिकोमेरेस याने आपण होऊन पत्करले, व तो निघालाही. इतक्यात बाकुरियस व कॅसिओ यांच्या हाताखालील धनुर्धर व स्कुटारी हुकुमाची वाट न पाहता शत्रूवर तुटून पडले, आणि जितक्या उतावीळपणे गेले तितक्याच लाजिरवाण्या रीतीने मागे फिरले. रिकोमेरेसला वाटेतून परतावे लागले, गॉथांचे घोडदळ लोटले, आणि सूर्यास्तापर्यंत बादशहा व्हॅलेन्ससह दोनतृतीयांश सैन्य गारद झाले. शौर्याची घमेंड शिस्तीहून महाग पडते ती अशी.

पाचव्या शतकात लिओ बादशहाने 300 एक्सक्यूबिटर नेमले, तेव्हा खरे रक्षण त्यांच्याकडे गेले. त्यांचाच नायक जस्टिन 518 मध्ये बादशहा झाला. स्कोलेतील जागा मात्र विकत मिळू लागल्या. पुढे जस्टिनियन तर, इतिहासकार प्रोकोपियसच्या कथनानुसार, आफ्रिका, इटली वा इराणकडे फौज निघाली की या शोभेच्या वीरांनाही कूच करण्याचा हुकूम सोडी. ते लढण्यास निरुपयोगी आहेत हे त्याला पक्के ठाऊक असे, आणि बिचारे घाबरून काही काळाच्या तनख्यावर पाणी सोडीत व घरीच राहत.