‘अ’ थोडा थांबू शकतो

जून जवळ आला की स्टेशनरीच्या दुकानात ठिपक्यांवरून अक्षरे गिरवायची पुस्तके ढिगाने येतात. बहुतेकांचे पहिले पान ‘अ’चे. अ अननसाचा. हा अ एकदा स्वतः सावकाश काढून बघा. आधी ३ सारखी दोन पोटे, मग मधली आडवी रेघ, मग काना, मग वरची शिरोरेषा. ४ वेळा हात उचलायचा आणि ४ वेळा नेमक्या जागी टेकवायचा. ज्या पोराला अजून चौकोनाचा कोपरा वळवता येत नाही, त्याच्यापुढे आपण हे किचकट अक्षर ठेवतो. का, तर ते वर्णमालेत पहिले आहे. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या हिशेबाने लावलेला आहे. कंठातून निघणारे क-ख-ग आधी, ओठांवरचे प-फ-ब नंतर. त्यात हाताची सोय कुणी पाहिलेली नाही.

हाताची सोय पाहिली की ‘गमभन’ येते. ग मधला काना एकदा जमला की म, भ, न यांचाही जमतो. बदलते ती फक्त डावीकडची बाजू. पुढेही अशीच घराणी लावता येतात. ‘व’च्या पोटात रेघ मारली की ब. ‘प’चे पोट फोडले की पोटफोड्या ष. ‘र’ला जोड दिली की स आणि ख. ट जमला तर ठ आणि ढ फार दूर नाहीत. आठवड्याला एक घराणे घेतले तरी पुष्कळ झाले. आणि ग-म-न एवढ्यावरही ‘मन’, ‘गगन’, ‘नमन’ असे खरे शब्द लिहिता येतात. पहिल्या आठवड्यात स्वतः लिहिलेला शब्द वाचता येणे ही मुलासाठी मोठी गोष्ट असते.

शिरोरेषेचेही असेच. ती शोभेची आहे असे आपण धरून चालतो. माझ्या पाच वर्षांच्या भाच्याने एकदा पाटीवर ‘भात’ लिहिले, उत्साहाने पट्टी घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. आजीने वाचले, “मात?” तो म्हणाला, “भात!” आजी म्हणाली, “मला तर मात दिसतंय.” तो पाटीकडे बघत राहिला. भ आणि ध यांच्या डोक्यावरची रेघ तुटकी असते. ती जोडली की भाताची मात होते आणि धनाचा घन. म्हणून आधी सगळी अक्षरे लिहावीत, शब्द पुरा झाला की रेघ द्यावी, आणि भ-ध आले की हात उचलावा. हे भाच्याला त्या दिवशी कळले ते कायमचे. मी दहादा सांगून कळले नसते.

पण अक्षरांच्याही आधी हात. मनगटात ८ छोटी हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेचीच असतात, आणि त्यांतले शेवटचे हाड घट्ट होऊ लागायला ९ ते १२ वर्षे लागतात. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल गोल काढू लागते, चार-साडेचारला चौकोन, पाचच्या आसपास त्रिकोण. त्याआधी पानभर ‘क’ लिहून घेतला तर मूल पेन्सिल मुठीत आवळते, मान वाकडी करते आणि पाचव्या ओळीला “हात दुखतोय” म्हणते. आपण त्याला नाटक म्हणतो. हात खरेच दुखत असतो.

या हाताची तालीम वहीपेक्षा स्वयंपाकघरात चांगली होते. मटार सोलणे, लसणाची साल काढणे, मेथी निवडणे, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणे, कणकेचे साप वळणे. मटाराची शेंग उघडताना अंगठा आणि दोन बोटे जे करतात, तेच पुढे पेन्सिल धरताना करायचे असते. पेन्सिल मात्र आखूड द्या, खडूचाही तुकडाच द्या. तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो चिमटीतच घ्यावा लागतो. पाटी अजून मिळत असेल तर घ्या. तिच्यावर चुकले तर ओल्या फडक्याने पुसता येते आणि चुकीचा पुरावा उरत नाही. (आमच्या पिढीने ती थुंकीने पुसली आणि सरस्वती कोपेल म्हणून धपाटे खाल्ले, ते सोडा.) मूल डावखुरे असेल तर कागदाची वरची बाजू थोडी उजवीकडे कलती ठेवावी, म्हणजे लिहिलेले हाताखाली झाकले जात नाही. बाकी काही करू नये.

सुंदर अक्षराची हौस आपल्याकडे जुनीच. दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे आणि सरळ असावे, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असे समर्थ सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहिण्याची खोड लावू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, असा व्यवहारी सल्लाही देतात. पण तो समास ग्रंथ लिहून काढणाऱ्यांसाठी आहे. बालवाडीतल्या पोराला तोच निकष लावणारे आपण कोण?

मूल जिथे आहे तिथून सुरुवात करण्याच्या बाबतीत मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. त्यांनी १९४५मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला नेले, तेव्हा पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती. म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. साधने म्हणून पाने, बिया, शंख-शिंपले. मुलाचे घर आणि त्याचे काम जिथे आहे तिथे शिक्षण पोचवायला त्यांनी आयुष्य घातले. आपल्याकडे घर आयतेच आहे, आणि आपण त्यात शाळा काढतो: टेबल, वेळापत्रक, लाल पेन.

घरात एक गोष्ट अशी आहे जी वर्गात सहज मिळत नाही. लिहिलेले वाचायला खरे माणूस असते, आणि त्याला खरेच काही सांगायचे असते. भाच्याचा पहिला निरोप फ्रीजवर चिकटवलेला होता: ‘आजि पानि सपल’. आजीने तो वाचला, माठ भरला आणि खाली लिहिले, ‘भरलं. आजी.’ त्याचे ‘आजि’ तसेच राहिले, शेजारी तिचे ‘आजी’ आले. दोन दिवसांनी त्याने विचारले, “तू दुसरी वेलांटी का दिलीस?” तेव्हा तिने सांगितले, शब्दाच्या शेवटी वेलांटी आली की दुसरी, उकार आला की तोही दुसरा. ‘आणि’, ‘परंतु’ असे काही मोजके शब्द वगळले तर हा नियम पुष्कळ दूरवर पुरतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांतही तो आहे, पण भाच्याला तो माठामुळे कळला. ‘सपल’वरचा अनुस्वार पुढच्या वेळी.

एक अडचण मात्र सांगून ठेवतो. मोबाइलवर मूल जो ल आणि श बघते, तो पुष्कळदा हिंदी वळणाचा असतो. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला. मूल गोंधळले तर दोन्ही दाखवा आणि आपला कोणता ते सांगा. ओरडण्याचे कारण नाही. ते पडद्यावर बघून बरोबरच उतरवत असते.

भाजीची यादी अजून झाली नसेल तर ती मुलाकडून लिहून घ्या. त्यात ‘भेडि’ लिहिले तरी घरी भेंडीच येईल.