शौलाने विचारलेला प्रश्न

यहुद्यांच्या तोरा या धर्मग्रंथाचं पाचवं पुस्तक मराठी बायबलमध्ये ‘अनुवाद’ या नावानं येतं. त्याच्या विसाव्या अध्यायात युद्धाचे नियम आहेत. वतन म्हणून मिळणाऱ्या कनानी नगरांत श्वास घेणारा एकही जीव शिल्लक ठेवू नका, अशी तिथे परमेश्वराची आज्ञा आहे. त्याला लागूनच एकविसावा अध्याय येतो आणि तो सुरू होतो रानात सापडलेल्या एका बेवारस प्रेतापासून. मारेकरी कोण, ठाऊक नाही. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी जायचं, प्रेतापासून कुठलं गाव किती लांब ते मोजायचं. सर्वांत जवळ जे गाव निघेल त्याच्या वडीलधाऱ्यांनी कधीही जू न ओढलेली कालवड बारमाही ओढ्याच्या, नांगर न लागलेल्या खोऱ्यात न्यायची आणि तिथे तिची मान मोडायची. मग तिच्यावर हात धुऊन सांगायचं, की हे रक्त आमच्या हातून सांडलेलं नाही. मेलेला कोण, कुठला, हे कुणालाच माहीत नाही. तरी त्याच्यासाठी एवढा सगळा विधी.

एका पानावर नगरंच्या नगरं संपवायची आणि पुढच्या पानावर एका अनोळखी माणसासाठी अंतरं मोजायची! मला या ग्रंथाचं सर्वांत मोठं नवल इथे वाटतं. हे नवल त्याच परंपरेतल्या रब्बींनीही टिपलं, आणि त्यांनी ते फार धीट जागी नेऊन ठेवलं.

ती जागा म्हणजे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय. संदेष्टा शमुवेल इस्राएलाचा पहिला राजा शौल याला देवाचा निरोप देतो: अमालेकी लोकांचा समूळ नाश कर. पुरुष, बायका, मुलं, तान्ही बाळं, बैल, मेंढरं, उंट, गाढवं, सगळं. शौल सैन्य घेऊन निघतो आणि अमालेकी नगराजवळ एका ओढ्याच्या खोऱ्यात दबा धरून बसतो. पुढे तो लोकांची कत्तल करतो. राजा अगाग आणि चांगली चांगली गुरं मात्र राखतो. या आज्ञाभंगापायी त्याचं राज्य जातं. मूळ कथेतला शौल दयाळू मुळीच नाही.

बॅबिलोनी तालमूद या रब्बींच्या चर्चाग्रंथाच्या ‘योमा’ या भागात रब्बी त्या खोऱ्यापाशी थांबतात. ओढ्याचं खोरं म्हटल्यावर त्यांना कालवडीचं खोरं आठवतं. मग ते शौलाच्या तोंडी युक्तिवाद घालतात, की एका माणसाच्या जिवासाठी शास्त्र कालवडीचा विधी सांगतं, तर इतक्या जिवांचं काय? मोठ्यांनी पाप केलं असेल, पण लेकरांनी काय केलं? आणि गुरांनी? यावर आकाशवाणी होते, की अति धार्मिक होऊ नकोस.

प्रश्नाला उत्तर मिळतच नाही, शौलाला फक्त गप्प केलं जातं. पण रब्बींनी प्रश्न खोडलाही नाही. देवाविरुद्धचा इतका बिनतोड युक्तिवाद त्यांनी धर्मशास्त्रात जपून ठेवला, तोही प्रायश्चित्ताच्या दिवसाचे नियम सांगणाऱ्या भागात.

ते आणखी पुढे जातात. हाच शौल नंतर आपला प्रतिस्पर्धी दावीद याला आसरा दिल्याच्या संशयावरून नोब गावच्या याजकांना मारायला लावतो. पंच्याऐंशी याजक मारले जातात, आणि पाठोपाठ गावातले पुरुष, बायका, मुलं, तान्ही बाळं, बैल, गाढवं, मेंढरं. यादी जवळजवळ तीच, फक्त आता ती आपल्याच लोकांची. तालमूद म्हणतं, त्या वेळीही आकाशवाणी झाली: अति दुष्ट होऊ नकोस.

अशी आज्ञा फक्त इस्राएलाच्या देवाचीच होती असंही नाही. १८६८ साली आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे एक काळा शिलालेख सापडला. पुढे वादावादीत स्थानिक लोकांनी तो फोडला, पण त्याआधी कागदावर त्याचा ठसा घेतला होता म्हणून मजकूर वाचला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात इसवी सनपूर्व नवव्या शतकातला मवाबचा राजा मेशा सांगतो, की कमोश देवाच्या हुकमावरून त्यानं इस्राएलाचं नबो नगर घेतलं, सात हजार माणसं मारली आणि ते नगर देवाला वाहून टाकलं. या वेळी मरणारे इस्राएली होते.

बायबलमध्ये यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएली लोक कनानात शिरतात, तेव्हा यरीहो नगराचे तट पडतात आणि तिथेही अशीच कत्तल होते. त्या यरीहोत पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ मध्ये उत्खनन केलं. यहोशवाचा म्हणून जो काळ सहसा धरतात, त्या काळातली तटबंदी त्यांना मिळाली नाही. कत्तल तशी घडलीच नसेल, या विचारानं अनेकांना हायसं वाटतं. मला नाही वाटत. न घडलेली कत्तलही आज्ञा म्हणून वाचली जाते. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन धर्मोपदेशकांनी तिथल्या मूळ रहिवाशांना अमालेकी म्हटलं, तेव्हा ती तशीच वाचली गेली.

रब्बींनी वाचनाची दिशा दुसरी ठेवली. बाराव्या शतकात यहुदी धर्मशास्त्री मैमोनिदेसनं लिहून ठेवलं, की कनानातल्या ज्या सात राष्ट्रांचा संहार करायला सांगितलं होतं, त्यांची ओळखच आता उरलेली नाही, आणि त्यांच्याशी किंवा अमालेक्यांशीही आधी तहाची बोलणी केल्याशिवाय युद्ध करता येत नाही. तालमूदमध्ये तर याहून थक्क करणारी नोंद आहे. एस्तेरच्या पुस्तकात यहुद्यांच्या संहाराचा बेत रचणारा हामान हा अगागाच्या, म्हणजे अमालेकी राजाच्या वंशातला मानला जातो. त्या हामानाचे काही वंशज, तालमूद सांगतं, बने ब्राक इथे तोरा शिकत होते.